चकलीची डबलसीट

आमच्या बोळाला कुंपण नाही. मंडईच्या मागच्या अंगाला, शुक्रवार पेठेत, दोन जुने वाडे समोरासमोर उभे आहेत आणि मधली वाट एवढीच, की एक सायकल स्टँडवर लावली तर दुसरी उचलून न्यावी लागते. वरच्या मजल्यावर मात्र आमच्या गॅलरीचा कठडा आणि समोरच्या काकूंचा कठडा यांत जेमतेम चार हात. वाटीभर साखर, कढीलिंबाची डहाळी, कोणाकडे कोण आलं होतं ही खबर, सगळं या चार हातांवरून इकडचं तिकडे होतं.

आज सकाळी काकू गवार मोडत बसल्या होत्या. मी कपडे वाळत घालत होते.

"गेले का गं नाना?"

"केव्हाच. साडेपाचला घंटी वाजली."

"आणि महाराणी?"

"बसल्या की टोपलीत."

महाराणी म्हणजे चकली. तळमजल्यावरच्या नानांची पग जातीची कुत्री. आणली मुलाने, नाव ठेवलं सुनेने. शेपटीचा वेढा सोऱ्यातून पाडल्यासारखा आहे म्हणून चकली. दोन वर्षांपूर्वी मुलगा-सून नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला गेले आणि ही मागे राहिली.

"आणि घरात कुत्रं नको म्हणून सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं होतं?" काकू म्हणाल्या. "नानाच ना? सतरंजी खराब होईल, केस पडतील, सोवळं-ओवळं राहणार नाही. आता अख्खा बोळ म्हणतो, नानांची चकली."

"आपल्या मंडईसारखंच झालं."

"मंडईचं काय?"

"जोतिबा फुले पुण्याच्या म्युनिसिपालटीत सभासद होते तेव्हा म्हणाले, मंडईवर एवढा खर्च नको, तो पैसा शिक्षणाला लावा. ऐकतो कोण? 1886 साली मंडई उघडली, गव्हर्नराच्या नावाने रे मार्केट झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना नाव बदललं ते थेट महात्मा फुल्यांचं. ज्यांनी नको म्हटलं त्यांचंच नाव लागलं."

"हं," काकूंनी गवारीची शीर ओढली. "मग नानांचा पुतळाही होईल. टोपलीसकट."

ही टोपली म्हणजे आमच्या बोळातला गेल्या तीन महिन्यांचा विषय. सुरुवात झाली आइंडहोवनच्या व्हिडिओ कॉलवरून. मुलाने मोबाइल रस्त्यावर फिरवला आणि म्हणाला, बाबा, इथे बघा, लोक कुत्र्यांना कसे सायकलवरून नेतात. बाकफीट्स म्हणतात तिकडे. सायकलीच्या पुढे लाकडी पेटी, पेटीत दोन पोरं, एक कुत्रा आणि आठवड्याची भाजी. नानांनी तो कॉल स्पीकरवर घेतल्यामुळे आम्ही सगळ्यांनीच ऐकला.

"म्हणजे हातगाडीच की," काकू तेव्हाही म्हणाल्या होत्या.

"हातगाडीच, फक्त पायांनी चालवायची. काकू, त्या देशात माणसं पावणेदोन कोटींच्या वर आणि सायकली सव्वादोन कोटींच्या वर. माणसापेक्षा सायकली जास्त."

"असतील. त्यांचा देश परातीसारखा सपाट, आणि सायकलीला रस्ता वेगळा. इथे तुळशीबागेतून सायकल काढायची म्हणजे एक हात घंटीला, दुसरा माणसं सारायला. कुत्रं धरायला तिसरा हात कुठून आणायचा?"

नानांनी ऐकलं नाही. माळ्यावरची अ‍ॅटलास खाली आली.  त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना 2020 साली बंद पडला तो 3 जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन गाठून. नानांची सायकल मात्र पंप मारल्यावर उभी राहिली. आधी त्यांनी हँडलला प्लॅस्टिकची बास्केट लावली. पहिल्याच दिवशी चकली त्यात बसली आणि हँडल आपोआप डावीकडे वळलं. साडेसात किलोचा ऐवज आहे तो, आणि स्वस्थ बसणारा नाही. तिने उजवीकडचं मांजर बघितलं की सायकल उजवीकडे, डावीकडचा पाववाला बघितला की डावीकडे. नाना नुसते वर बसलेले. ओझं पुढे आणि उंचावर असलं की असंच होतं, हे दूधवाल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. तो चरव्या मागे आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना उगाच लटकवत नव्हता.

मग नाना बुरूड आळीत गेले. पाटी, सूप, करंडी, दुरडी, मांडवाच्या चटया, सगळं विणणारे हात तिथे आहेत, पण कॅरिअरच्या मापाची चौकोनी टोपली आणि तीही कुत्र्यासाठी म्हटल्यावर बुरुडाने दोनदा विचारलं म्हणे, कोंबड्यांचं डालं हवंय का? शेवटी टोपली झाली झकास. कडा उंच, बूड रुंद, कामट्या टोचू नयेत म्हणून आत जुन्या गोधडीचा तुकडा टाचलेला, आणि खालून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळून कॅरिअरला घट्ट. चाकाच्या बाजूला पत्रा मारला, शेपूट स्पोकमध्ये जाऊ नये म्हणून. तिची शेपूट पाठीवर गुंडाळलेली, ती जाणार कुठे? पण नानांनी मारला. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की गळ्याच्या पट्ट्याला दोरी बांधू नका, उडी मारली तर फास बसेल. छातीवरून येणारा पट्टा घ्या आणि दोरी एवढीच आखूड ठेवा की तिला बसता-उठता येईल, काठावरून उतरता येणार नाही. तेही केलं. मागे बसलेली दिसत नाही म्हणून रिक्षाचा आरसा बसवला. चकली आरशात स्वतःला बघते आणि भुंकते, तो भाग वेगळा.

"एवढं माझ्या बाळंतपणात यांनी केलं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"काकांनी तुम्हाला सायकलवरून फिरवलं ना पण?"

काकू हसल्या. गोष्ट मला पाठ आहे, तरी मी विचारते आणि त्याही सांगतात. 1974 साल, लग्नाला आठ दिवस झालेले, काका त्यांना कॅरिअरवर बसवून शनिपाराकडून येत होते आणि पोलिसाने शिट्टी मारली. त्या काळी डबलसीट म्हणजे गुन्हा, आणि रात्री दिवा नसला तर दुसरा गुन्हा. सायकलीला महापालिकेचा बिल्लासुद्धा लागायचा.

"हे म्हणाले, अहो, बायको आहे. पोलीस म्हणाला, म्हणजे डबलच झाली की. उतरवलं. मग हे सायकल हातात धरून आणि मी शेजारून, असे मंडईपर्यंत चालत आलो. खरं सांगू? तेच बरं वाटलं. कॅरिअरवर बसलं की यांची पाठ तेवढी दिसायची. आणि बूड दुखायचं ते निराळंच."

"आज पोलीस असता तर चकलीला डबलसीट धरली असती का हो?"

"तिच्याकडे बिल्ला आहे बाई. नानांनी महापालिकेतून काढलाय."

ही गंमत माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. सायकलीचा बिल्ला गेला, कुत्र्याचा राहिला. आणि 2022 साली महापालिकेने मांजरांनाही परवाना लागेल असं ठरवलं. काकूंचा बोका बाजीराव या बाबतीत अजून कायद्याच्या बाहेर आहे. तो रात्री नानांच्या सायकलीच्या सीटवर झोपतो आणि दिवसा कुठे असतो ते मासळीवाल्यांनाच माहीत.

कायद्याचं निघालंच तर, तिसऱ्या मजल्यावर एका वकिलांचे कारकून राहतात. त्यांनी नानांना जिन्यात गाठून सांगितलं होतं की 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. जनावराला विनाकारण त्रास होईल अशा तऱ्हेने वाहून नेलं तर पहिल्या खेपेला दंड होतो, दहा ते पन्नास रुपये.

"दहा रुपये?" काकूंनी मोडलेली शेंग हवेत धरली. "ही पाव किलो गवार चाळीसची. छळ गवारीपेक्षा स्वस्त?"

"1960 चे दहा रुपये हो ते."

"म्हणून तर सायकलीच्या हँडलला कोंबड्या उलट्या टांगून माणसं सर्रास जायची. सहा इकडे, सहा तिकडे, सगळ्यांच्या माना खाली. लहानपणी मला वाटायचं, कोंबडी जन्मतःच उलटी असते. त्यांना कोणी टोपली विणून घेतली नाही. आणि माझा मामा पोपट घेऊन फिरायचा, हँडलवर बसवून, पंख छाटलेला. आता रानातला पोपट घरात ठेवणंच गुन्हा आहे म्हणे."

"1972 चा वन्यजीव कायदा."

"मामा गेला 1971 ला. वेळेवर सुटला."

नानांच्या मुलाने नंतर आणखी एक व्हिडिओ पाठवला होता, एका स्कॉटिश तरुणाचा. डीन निकोल्सन. सायकलीवरून जगाच्या सफरीला निघाला आणि 2018 साली बोस्नियाच्या डोंगरातल्या रस्त्यावर त्याला मांजरीचं पिल्लू भेटलं, सोडून दिलेलं. ते त्याच्या मागे पळत सुटलं. त्याने उचलून सायकलीवर घेतलं आणि पुढचा प्रवास दोघांनी केला. मांजरीचं नाव ठेवलं नाला.

"नाला?" काकूंना हे अजून पटलेलं नाही. "आता नाना कुत्रीला आंबील ओढा म्हणतील."

"पण बघा ना, ती मांजर खुशीने बसते. पुढच्या पिशवीत, मान बाहेर काढून."

"एखादं बसतं गं. सगळी नाही बसत. मांजर जागेचं असतं, कुत्रं माणसाचं. कुत्र्याला तुम्ही जवळ असलात की बाकीचं चालतं. मांजराची जागा हलली की ते मांजर राहत नाही, भूत होतं."

यावर मी काही बोलले नाही, कारण माझं भूत मी पाहिलेलं आहे. आमची भिंगरी लहान होती तेव्हा मी तिला कापडी पिशवीत घालून, पिशवी हँडलला अडकवून, डॉक्टरांकडे निघाले होते. रामेश्वर चौक ओलांडेपर्यंत पिशवी शांत. मग एका टेंपोने हॉर्न दिला, पिशवीला चार पाय फुटले आणि भिंगरी माझ्या मनगटावरून, खांद्यावरून, डोक्यावरून एका भांड्याच्या दुकानात. स्टीलच्या पातेल्यांच्या उतरंडीमागे ती दीड तास बसली. दुकानदाराने एक शब्द बोलून दाखवला नाही, पण मी चार पातेली घेतली. तेव्हापासून बंद, कडक पेटी, वरून चादर टाकलेली आणि रिक्षा. अंधार असला की ती गप्प राहते. शेजारच्या मुलाच्या सशाला तर तेवढंही सोसत नाही. मोठा आवाज झाला की पोट धाडधाड उडतं. सशाला सायकलवर न्यायचं खूळ ज्याला सुचेल त्याने आधी त्या पोटावर हात ठेवून बघावा.

"आमची मनी बसली होती पण," काकू अचानक म्हणाल्या. "एकदाच."

ही गोष्ट मला पाठ नव्हती.

"पानशेत फुटलं तेव्हा. 12 जुलै, बुधवार. 1961. मी नऊ वर्षांची. आम्ही नारायण पेठेत. कोणीतरी ओरडत आलं, धरण फुटलं, पर्वतीकडे पळा. आईने देव घेतले, आजीने लोणच्याची बरणी घेतली. तिला कोणी विचारलं नाही की बरणी कशाला. दादांनी सायकल काढली. वाटलं, सामान घेतील. तर त्यांनी रद्दीचं पोतं रिकामं केलं, मनीला त्यात घातलं, तोंड सैल बांधलं आणि कॅरिअरला लावलं. मनी कशी, तर आईने हात लावला तरी ओरबाडायची. त्या दिवशी पोत्यात शब्द नाही. दादा सायकल हातात धरून चालत होते, बसायला जागाच नव्हती, एवढी माणसं रस्त्यावर. आणि मी पोत्यावर हात ठेवून. आतून ती थरथरत होती आणि मीपण. पर्वतीच्या पायथ्याशी दादांनी पोतं सोडलं तर ती बाहेरच येईना."

"मग?"

"मग काय, रात्रभर तिथेच. चिखल उपसायला दादा घरी परतले आणि चौथ्या दिवशी आम्हाला नेलं. मनीला परत पोत्यात घालायला गेले तर तिने त्यांच्या हाताचा लचका तोडला. तेव्हा आई म्हणाली, हं, आता बरी आहे ती."

खाली कोणीतरी बादली आपटली. काकूंनी गवारीची परात गुडघ्यावरून खाली ठेवली आणि पुन्हा उचलली.

"तर नाना," त्या म्हणाल्या. "मुलाला काय सांगतात, ऐकलंस का काल? रोज सहा किलोमीटर. मंडई, स्वारगेट, सारसबाग, पर्वती, परत. या उन्हाळ्यात."

"उन्हाचं म्हणाल तर सातच्या आत घरात असतात. डॉक्टरांनी बजावलंय. चपट्या नाकाचं कुत्रं आहे, श्वास आधीच घोरल्यासारखा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही ना, जीभ बाहेर काढून धापा टाकेल तेवढाच गारवा. या जातीला तेही धड जमत नाही. सायकलीमागे पळवायचं तर नावच नको. आणि खाली उतरवायचं झालं तर आधी आपला तळहात डांबरावर ठेवून बघायचा."

"ते सगळं ठीक. पण पर्वती?"

आता मला राहवेना. मी पिळलेला टॉवेल तसाच हातात ठेवला.

"काकू, कोणाला सांगणार नसाल तर सांगते."

"माझ्याकडून कधी बाहेर गेलंय का काही?"

याचं उत्तर देण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. परवा पहाटे पाव्हणे होते म्हणून मी पालेभाजीला मंडईत लवकर गेले होते. मेट्रोचं मंडई स्टेशन झाल्यापासून त्या बाजूला मोकळी फरशी आहे, तिथे मला नाना दिसले. सायकल हातात. चकली टोपलीत, सरळ बसलेली, कान मागे, वरातीतल्या नवरदेवासारखी इकडेतिकडे बघत. नाना चालत होते. दर दहा पावलांवर कोणीतरी थांबवत होतं. काकडीवाली मावशी तिच्यासाठी देठाकडचा तुकडा काढून ठेवते. गाजरवाल्याने अर्धं गाजर दिलं. एकाने द्राक्षांचा घोस पुढे केला तर नाना केवढ्याने ओरडले, द्राक्ष नको, कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विष असतं ते! द्राक्षवाला चपापलाच. मंडईला दोन फेऱ्या घातल्या त्यांनी. सायकलीवर एकदाही टांग टाकली नाही.

"मी म्हटलं, नाना, चेन तुटली का? तर म्हणाले, अगं, मी बसलो की ही भुंकते. पहिल्या दिवसापासून. सीटवर बसलो की माझी पाठ तिच्या तोंडासमोर येते, समोरचं काही दिसत नाही. उतरलो की गप्प. मुलाला सांगू नकोस, त्याने एवढ्या हौसेने तिकडून हेल्मेट पाठवलंय."

मला वाटलं काकू आता परात टाकून हसतील. त्यांनी एक शेंग मोडली, कडेला जून निघाली ती फेकली.

"मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"बाजीराव रात्रभर त्या सीटवर झोपतो. पांढरे केस हे एवढे. सकाळी नाना सायकल काढतात, दीड तासाने आणून लावतात, केस जिथल्या तिथे. आणि नानांच्या काळ्या पँटला मागे एक चिकटलेला नाही. सहा किलोमीटर काय हवेत बसून करतात?"

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"गुडघ्याच्या डॉक्टरांनी नानांना चालायला सांगून चार वर्षं झाली. सायकल मारायला नव्हतं सांगितलं. त्या वेळी उंबऱ्याबाहेर पडत नव्हते."

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी घंटी वाजली. आम्ही दोघी कठड्यावरून वाकलो. नाना कोपऱ्यावर थांबले होते. त्यांनी वर बघितलं नाही, पण आम्ही असणार हे त्यांना माहीत होतं. डोक्यावरचं हॉलंडचं हेल्मेट सारखं केलं, डावा पाय पायडलवर ठेवला आणि उजव्याने जमीन रेटत, लंगडी घातल्यासारखे, सायकलीवर चढायच्या बेतात आत आले. चार हात आले नाहीत तोच चकली उभी राहिली आणि अख्खा बोळ दणाणेल असं भुंकली. नाना उतरले. चकली बसली.

"काय नाना," काकूंनी वरून विचारलं, "चेन पडली का?"

नानांनी वर बघितलं, मग चेनकडे बघितलं.

"हो ना. रोज नेमकी इथेच पडते."

"जुनी सायकल," काकू म्हणाल्या. "हळू आणा."